गाईच्या सडावरचा फोड आणि डॉ. जेन्नर

आपल्या गावातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणाही माणसाचा दंड किंवा हात पाहा. रुपयाएवढे दोन-चार गोल वण दिसतील. ते देवी काढल्याचे वण. त्यापेक्षा लहान माणसांच्या डाव्या खांद्याजवळ जो एकच बारीक वण असतो तो वेगळा, तो क्षयाच्या लशीचा म्हणजे बीसीजीचा. पुष्कळ जण या दोन्हींची गल्लत करतात. देवी काढणं बंद झालं ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस, कारण काढायला देवीच उरली नाही. माणसाने पृथ्वीवरून पूर्णपणे घालवलेला माणसाचा हा एकमेव रोग आहे.

हा रोग घालवायची वाट ज्या माणसाने दाखवली तो कुणी मोठ्या शहरातला नामांकित प्राध्यापक नव्हता. इंग्लंडमधल्या एका खेड्यात घोड्यावरून फिरून औषधपाणी करणारा तो गावठी डॉक्टर होता. आणि त्याला जे सापडलं ते दवाखान्यात नव्हे, गोठ्यात सापडलं. म्हणून शेतीच्या या पानावर त्याची माहिती देत आहे.

एडवर्ड जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या बर्कली या गावी झाला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू. नऊ भावंडांत एडवर्ड आठवा. पाच वर्षांचा असताना वडील वारले आणि थोरल्या भावाने त्याला वाढवलं. हा मुलूख दुधाचा. हिरवी कुरणं, घरटी गाई, लोणी आणि चीज बनवून बाजारात न्यायचं हा धंदा. मुलगा रानात भटकायचा, पक्ष्यांची घरटी शोधायचा, दगडातल्या शिंपल्या गोळा करायचा.

आठव्या वर्षी त्याला देवी टोचण्यात आली. इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण ही लस नव्हती. देवीच्या रोग्याच्या फोडातला पू किंवा खपली घ्यायची आणि निरोगी मुलाच्या कातडीवर ओरखडा काढून त्यात घालायची, अशी ती जुनी रीत. तुर्कस्तानात होती, चीनमध्ये होती. आपल्या देशात बंगालकडे टीकादार लोक वसंताच्या आधी गावोगाव फिरून हेच करत. अशाने देवी येत, पण बहुधा हलक्या येत. तरीही शंभरात एक-दोन मुलं दगावत. आणि टोचलेल्या मुलापासून दुसऱ्याला खरी देवी लागू शके, त्यामुळे गावात साथ पसरायची भीती असे. जेन्नरला टोचण्याआधी कित्येक दिवस उपाशी ठेवलं, रक्त काढलं, जुलाब दिले आणि मग इतर मुलांबरोबर एका तबेल्यात कोंडून ठेवलं. तो वाचला. पण ते दिवस तो विसरला नाही.

चौदाच्या सुमारास तो एका गावच्या शल्यवैद्याकडे उमेदवारीला लागला. गवळणींना देवी येत नाहीत, कारण त्यांना गाईच्या देवी येऊन गेलेल्या असतात, अशी त्या भागात समजूत होती. एका गवळणीने हे जेन्नरला सांगितलं अशी गोष्ट शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेली असते. ती नंतरच्या चरित्रकाराने रंगवलेली दिसते. पण समजूत खरी होती आणि तिथल्या डॉक्टरांनाही ती ठाऊक होती. थॉर्नबरीचे जॉन फ्यूस्टर नावाचे डॉक्टर देवी टोचत असताना काही शेतकऱ्यांना टोचणी लागेचना. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांना पूर्वी गाईच्या देवी होऊन गेल्या आहेत. फ्यूस्टरनी ते आपल्या मित्रमंडळींत सांगितलं आणि तिथेच सोडून दिलं.

एकविसाव्या वर्षी, १७७० मध्ये, जेन्नर लंडनला गेले आणि जॉन हंटर या त्या काळच्या सर्वांत नावाजलेल्या शल्यवैद्याकडे दोन-अडीच वर्षं शिकले. तर्क करत बसण्यापेक्षा करून बघावं ही हंटर यांची शिकवण. कॅप्टन कुक यांच्या पहिल्या सफरीतून आलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या नमुन्यांची मांडामांड करायचं कामही जेन्नरना मिळालं. पुढच्या सफरीवर येण्याचं बोलावणंही आलं होतं. पण ते गेले नाहीत, लंडनलाही राहिले नाहीत. परत बर्कलीला आले आणि जन्मभर तिथलेच राहिले. शिकलेला मुलगा गावात परत येतो ही गोष्ट आपल्याकडे किती कमी घडते ते आपण जाणतोच.

गावात त्यांचे नाना उद्योग चालत. बासरी आणि व्हायोलिन वाजवत, कविता करत, हवेत फुगा उडवण्याचा प्रयोगही केला. पण नाव झालं ते कोकिळेच्या जातीच्या एका पक्ष्यामुळे. आपल्याकडे कोकीळ कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते, आणि पेरणीच्या आधी ओरडून जागं करणारा पावशा सातभाईच्या घरट्यात. तिकडच्या कुकू पक्ष्याची तीच खोड. घरट्यातली मूळ अंडी-पिल्लं खाली पडतात हे लोकांना ठाऊक होतं, पण ती टाकतं कोण? जेन्नरनी घरट्यांवर नजर ठेवून दाखवलं की डोळेही न उघडलेलं कुकूचं पिल्लूच पाठीच्या खळग्यावर अंडं घेऊन बाहेर ढकलतं. हा लेख १७८८ मध्ये छापला आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं. पुष्कळांनी चेष्टा केली. विसाव्या शतकात त्याचं चित्रीकरण झालं तेव्हा वाद मिटला.

आता गाईकडे येऊ. गाईच्या देवी हा साधा रोग. सडावर फोड येतात, दूध थोडं घटतं, गाय बरी होते. दूध काढणाऱ्याच्या बोटाला चीर असली तर फोड हातावर उठतात, थोडा ताप येतो, काखेत गाठ येते आणि आठ-पंधरा दिवसांत सगळं शमतं. जेन्नरनी वर्षानुवर्षं अशा माणसांची टिपणं ठेवली. कुणाला कधी गाईच्या देवी आल्या, नंतर माणसाची देवी आली का, टोचली तर लागली का. घोड्याच्या पायाच्या रोगातून हे गाईकडे येतं, कारण एकच गडी घोड्याचं खरारं करतो आणि त्याच हाताने दूध काढतो, असाही त्यांचा अंदाज होता. त्यावर लोक हसले. अलीकडे जुन्या लशींची जनुकीय तपासणी झाली तेव्हा त्यातला विषाणू गाईच्या देवीपेक्षा घोड्याच्या देवीला जास्त जवळचा निघाला.

शेतकरी बंधूंनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. हा प्रयोग जेन्नरच्या आधी एका शेतकऱ्याने केला होता. बेंजामिन जेस्टी, डॉर्सेट परगणा, साल १७७४. गावात देवीची साथ आली. जेस्टीला स्वतःला गाईच्या देवी होऊन गेल्या होत्या. त्याने बायको आणि दोन मुलांना शेजारच्या गोठ्यात नेलं आणि मोजे विणायच्या सुईने गाईच्या फोडातली लस त्यांच्या हाताला टोचली. बायकोचा हात फार सुजला, जीव धोक्यात आला, पण ती बचावली. तिघांनाही पुढे देवी आल्या नाहीत. गावाने मात्र त्याला माणसात धरलं नाही. जनावराचा रोग माणसात घातला म्हणून शिव्या-शाप दिले. १८०५ मध्ये त्याला लंडनला बोलावून मान दिला, तोवर तीस वर्षं गेली होती. जेस्टीने आपल्या घरापुरतं केलं. जेन्नरनी सगळ्यांसाठी करून दाखवलं, लिहून ठेवलं आणि दुसऱ्याला करता येईल अशी पद्धत दिली. माझ्या मते मोठेपणा दोघांचाही आहे, पण वेगवेगळ्या जातीचा.

१४ मे १७९६. सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हातावर ताजे फोड होते. ते तिला ब्लॉसम नावाच्या गाईपासून लागले होते. जेन्नरनी त्या फोडातलं पाणी घेऊन जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन ओरखडे काढून त्यात घातलं. मुलगा त्यांच्याकडे राबणाऱ्या एका भूमिहीन मजुराचा. सातव्या दिवशी काखेत दुखू लागलं, नवव्या दिवशी थंडी वाजली, जेवण गेलं. दुसऱ्या दिवशी मुलगा खेळायला लागला. १ जुलैला जेन्नरनी त्याला माणसाच्या खऱ्या देवीचा पू टोचला. काही झालं नाही. नंतर पुन्हा टोचलं, तरीही नाही.

गरिबाच्या मुलावर असा प्रयोग करणं आजच्या कायद्यात बसत नाही, आणि बसूही नये. त्या काळी खरी देवी टोचणं ही रोजची गोष्ट होती, तो मुलगा आज ना उद्या टोचला गेलाच असता, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येतं. पुढे जेन्नरनी फिप्सला राहायला एक घर बिनभाड्याने दिलं.

रॉयल सोसायटीने एवढ्याशा पुराव्यावरचा लेख घेतला नाही. मग पंचाईत अशी की भागातल्या गाईंच्या देवीच गायब झाल्या. १७९८ च्या वसंतात त्या पुन्हा दिसेपर्यंत थांबावं लागलं. तेव्हा आणखी मुलांना टोचून, २३ माणसांची हकिकत घालून, जेन्नरनी स्वतःच्या पैशाने पुस्तक काढलं. लॅटिन भाषेत गाईला व्हाका म्हणतात. त्यावरून व्हॅक्सिन हा शब्द आला. आज करोनाच्या लशीलाही आपण व्हॅक्सिन म्हणतो, त्यात गाय आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

विरोध खूप झाला. टोचलेल्या माणसांच्या अंगातून गाई उगवताहेत अशी व्यंगचित्रं निघाली. त्याहून वाईट म्हणजे लंडनमध्ये देवीच्याच इस्पितळात ही लस टोचायला घेतली आणि तिच्यात खरी देवी मिसळली. रोगी आजारी पडले, नाव लशीचं गेलं. बियाण्यात भेसळ झाली की वाणाचा दोष काढतात, तसलाच प्रकार. पण दोन-तीन वर्षांत सत्य पुढे आलं. ब्रिटिश पार्लमेंटने १८०२ मध्ये १० हजार आणि १८०७ मध्ये २० हजार पौंड जेन्नरना दिले. त्यांनी पद्धतीचं गुपित ठेवलं नव्हतं, मागेल त्याला लस पाठवत होते आणि त्या पत्रव्यवहारात स्वतःचा धंदा बुडवून बसले होते. घराच्या बागेत एक झोपडी होती, तिथे गरिबांना फुकट टोचत.

हिंदुस्थानात ही लस आली ती मुंबईत, आणि आली तीही मोठ्या कष्टाने. जहाजाने केपला वळसा घालून यायला महिने लागत, लस वाटेत मरायची. शेवटी व्हिएन्नाच्या डॉ. द कारो यांनी काचेच्या पट्ट्यांत लस भिजवलेला धागा ठेवून, वरून मेण लावून ती बगदादला पाठवली. तिथून बसरा आणि बसऱ्याहून जहाजाने मुंबई. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी टोचली गेली. तिच्याच फोडातून पुढच्या आठवड्यात आणखी पाच मुलं. तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोन. अख्ख्या देशाची लस त्या एका पोरीच्या दंडावरून निघाली.

ही पद्धत म्हणजे विरजणासारखी. आज टोचलेल्या मुलाच्या फोडातून आठ दिवसांनी दुसऱ्याला, त्याच्यातून तिसऱ्याला. एक साखळी तुटली की विरजण संपलं, पुन्हा मुंबईहून आणा. आया आपल्या मुलाचा फोड फोडू देत नसत. कुणाच्या मुलाची लस कुणाला, हा जातीपातीचा प्रश्न वेगळाच. शिवाय सरकार मुलांना खुणा करून घेतं आहे अशा अफवा. मुंबई इलाख्यात १८२७ पासून फिरते देवी टोचणारे नेमले गेले. मालवण १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे आलं होतं, म्हणजे आपला किनारा या इलाख्यातच होता. सावंतवाडी संस्थान मात्र वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या कातडीवर लस वाढवायची रीत आली आणि मुलांच्या दंडावरची साखळी सुटली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावला लस बनवायची संस्था निघाली.

मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने आणि जिल्ह्यांसाठी १८९२ च्या कायद्याने सक्तीची सोय झाली. तरी रोग जाईना. असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. देवी एकदा येऊन गेली की पुन्हा येत नाही. त्यामुळे साथ गेल्यावर गावात बहुतेक सगळे सुरक्षित. पण दरवर्षी नवी मुलं जन्मतात. पाच-सात वर्षांत न झालेल्या मुलांचा साठा होतो. डोंगरावर गवत वाळून साठलं की एका काडीने वणवा लागतो, तसं मग एकाच आजारी पाहुण्याने साथ पेटते. म्हणून देवी हा मुलांचा रोग. थोरांना तो लहानपणीच होऊन गेलेला असे. एकाकी, आडबाजूच्या गावात मात्र वीस-पंचवीस वर्षं रोग फिरकला नाही तर आला तेव्हा लहानथोर सगळेच सापडत.

हंगामही ठरलेला. पाऊस सरला की वाढायला लागायची, शिमग्याच्या आसपास ते वैशाखापर्यंत कळस आणि मृग लागला की उतार. कोरड्या हवेत विषाणू जास्त टिकतो. शिवाय जत्रा, लग्नं, माणसांची ये-जा याच दिवसांत. आपल्या भागात शिमग्याला चाकरमानी येतात, तोही नेमका हाच काळ. बंगालीत या रोगाला वसंतच म्हणतात. आपण देवी म्हणालो, म्हणजे ती येते, राहते, जाते. घरात आली तर तिचा मान ठेवायचा, मोठ्याने बोलायचं नाही, परक्याला आत घ्यायचं नाही. या शेवटच्या रिवाजाने थोडीबहुत साथ आवरत असेल असं मला वाटतं. न टोचलेल्यांपैकी शंभरात तीसच्या आसपास मरत, आणि वाचलेल्यांत आंधळे झालेले कमी नसत.

आणखी एक कारण जेन्नर यांच्याच चुकीत होतं. एकदा टोचलं की जन्मभर पुरतं असं ते शेवटपर्यंत मानत. तसं नाही. काही वर्षांनी जोर कमी होतो आणि पुन्हा टोचावं लागतं. लस आली तशी देवी मोठ्या वयातही दिसू लागली, ती यामुळे. लोक म्हणत, टोचूनही आल्या, मग टोचायचं कशाला.

जेन्नर यांचं उतारवय सुखाचं गेलं नाही. थोरला मुलगा १८१० मध्ये क्षयाने गेला, वय २१. पत्नी कॅथरीन १८१५ मध्ये त्याच रोगाने गेली. ज्याने लाखोंची मुलं वाचवली त्याला घरातल्या रोगावर उपाय नव्हता. ते गावातच मॅजिस्ट्रेटचं काम करत, रोगी बघत, आणि शेवटी पुन्हा पक्ष्यांकडे वळले. २६ जानेवारी १८२३ रोजी पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. बर्कलीच्या चर्चमध्ये त्यांना पुरलं. अंत्ययात्रेला जेम्स फिप्स होता.

पुढचं काम दीडशे वर्षं चाललं. भारतात १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उन्हात न बिघडणारी कोरडी लस आली, दोन टोकांची सुई आली. तरी सरसकट टोचत सुटण्याने काम भागलं नाही. १९७३ पर्यंत रोग मुख्यतः उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि मध्य प्रदेशात उरला होता. मग पद्धत बदलली. घरोघर मुलाचा फोटो असलेलं कार्ड दाखवून विचारायचं, असा रोगी पाहिलात का? सापडला की घरावर पहारा आणि भोवतालच्या सगळ्यांना लस. खबर देणाऱ्याला बक्षीस, ते वाढत वाढत हजार रुपयांवर गेलं. १९७४ मध्ये देशात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण आणि ३१ हजारांवर मृत्यू झाले, बिहारात तर हाहाकार होता. आणि पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, आसामात करीमगंजला भारतातला शेवटचा रुग्ण सापडला. जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण सोमालियात, ऑक्टोबर १९७७. मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोग संपल्याचं जाहीर केलं.

गोठ्यात मात्र ही गोष्ट चालूच आहे. २०११ मध्ये गुरांची बुळकांडी जगातून गेली, तीही लशीने. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा महाराष्ट्रात गुरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. एका जनावराचा सौम्य भाऊबंद रोग दुसऱ्याला वाचवतो, हे जेन्नर यांचंच सूत्र. आणि म्हशीच्या देवी अजून आहेत. २००९ मध्ये सोलापूर-कोल्हापूर भागात त्या म्हशींना आणि दूध काढणाऱ्या माणसांनाही झाल्या. हा विषाणू माणसाच्या देवीच्या लशीतल्या विषाणूचाच नातलग आहे. सडावर फोड दिसले तर ते जनावर सर्वांत शेवटी पिळावं, आधी व नंतर साबणाने हात धुवावेत, बोटाला जखम असलेल्याने पिळू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

माणसांत आज देवीच्या जागी गोवर आहे. त्याचीही चाल तीच. न टोचलेल्या मुलांचा साठा झाला की पेटतो. करोनाच्या दोन वर्षांत देशभर बऱ्याच मुलांचे डोस चुकले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाटीच्या वस्त्यांत साथ आली, मुलं दगावली. तिथून आपल्याकडे एका रात्रीची गाडी आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. गावातल्या मुलांची नावं आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या वहीत असतात. राहतात ती आंब्या-काजूच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची, चिरेखाणीवरच्या आणि बंदरावरच्या परप्रांतीय कामगारांची. बागायतदारांनी आपल्या मांगरात राहणाऱ्या मुलांची नावं व वयं उपकेंद्रात कळवावीत, आणि ग्रामसेवक व पोलीस पाटलांनी हंगाम सुरू होताना, म्हणजे दिवाळीनंतर, एकदा ही यादी तपासावी. डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत तो भरून काढता येतो, कार्ड हरवलं असलं तरीही.